अनुदान अडलंय? आधी विचारा, कुठलं

गावाकडे खात्यावर सरकारकडून जे काही जमा होतं त्याला सरसकट 'अनुदान' म्हणतात. पीएम किसानचे दोन हजार अनुदान, अतिवृष्टीचे हेक्टरी साडेआठ हजारही अनुदान, आणि ठिबकचे ऐंशी टक्के तर अनुदानच. बोलण्यात त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते पैसे अडल्यावर. या तिन्ही पैशांच्या याद्या वेगळ्या, पोर्टल वेगळी, सही करणारा साहेब वेगळा आणि अडण्याची कारणंही वेगळी. अतिवृष्टीचं विचारायला माणूस कृषी कार्यालयात जातो. तिथला म्हणतो तहसीलला जा, तहसीलचा म्हणतो बँकेत बघा, बँकवाला म्हणतो वरूनच आले नाहीत. बऱ्याचदा तिघंही खरंच सांगत असतात. प्रश्नच चुकीच्या खिडकीवर गेलेला असतो.

(पीक विमा यात धरू नका. ते अनुदान नाही, तो कंपनीबरोबरचा करार आहे. एक रुपयातला विमा बंद होऊन २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा भरावा लागतो. त्याची तक्रार, मुदती, सगळंच निराळं.)

कुठला पैसा कुणाच्या दप्तरात

पीएम किसान केंद्राची योजना. डिसेंबर २०१८ पासून लागू, वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीतून सुटला. तिचेही ६,००० तीन हप्त्यांत. नमोची यादी स्वतंत्र होत नाही, ती पीएम किसानच्या यादीवरूनच निघते. त्यामुळे 'नमोचे आले नाहीत' ही तक्रार घेऊन कुठेही जाण्याआधी पीएम किसानचा मागचा हप्ता पडला का ते बघायचं. तिथं अडलं असेल तर नमो अडणारच.

अतिवृष्टी, पूर, गारपीट यांची मदत महसूल खात्याची. तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तलाठीच), तहसीलदार, जिल्हाधिकारी ही साखळी. पंचनाम्यावर कृषी सहायकाची सही असते म्हणून लोकांना ती मदत कृषी खात्याची वाटते. पैशाची यादी मात्र तहसीलमध्ये तयार होते.

ठिबक, तुषार, ट्रॅक्टर, अवजारं, शेततळं, कांदाचाळ ही महाडीबीटीवरची (योजनांच्या अर्जांचं राज्याचं पोर्टल) कामं कृषी विभागाची, म्हणजे तालुका कृषी अधिकाऱ्याची. आणि इथे हमखास होणारा गोंधळ: तालुक्यात 'कृषी' नावाची दोन कार्यालयं असतात. एक तालुका कृषी अधिकारी कार्यालय, ते राज्य शासनाचं. दुसरा पंचायत समितीतला कृषी विभाग, तो जिल्हा परिषदेचा. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि जमातीसाठीची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना पंचायत समितीकडे असतात. नवीन विहिरीचे ४ लाख त्यातलेच. अर्ज दोन्हींचा महाडीबीटीवरूनच जातो, म्हणून माणूस चुकीच्या इमारतीत शिरतो.

आधार 'लिंक' असून पैसे का येत नाहीत

तिन्ही पैशांचा शेवटचा टप्पा बहुतेक वेळा एकच असतो: आधारवरून जमा. अर्जात तुम्ही कुठला खाते क्रमांक लिहिलाय याला इथे फारसा अर्थ नाही. पैसे पाठवणारी यंत्रणा तुमचा आधार क्रमांक घेते आणि एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी संस्था) मॅपरला, म्हणजे आधार-बँक नोंदवहीला, विचारते की या आधारपुढे कुठली बँक लिहिली आहे. मॅपरमध्ये खाते क्रमांक नसतोच, फक्त बँकेची ओळख असते. मग ती बँक आपल्याकडे त्या आधारला जे खातं जोडलंय त्यात रक्कम टाकते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, एका आधारपुढे एकच बँक राहते, आणि शेवटी जिनं सीडिंग (मॅपरमध्ये नोंद) केलं ती. पाच बँकांत आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणून पाच ठिकाणी पैसे येत नाहीत. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी, गॅससाठी किंवा मोबाइलच्या दुकानात सिम घेताना उघडलेलं एखादं पेमेंट बँकेचं खातं मॅपरमध्ये बसलेलं असतं आणि हप्ते तिकडे साठत राहतात. 'एसएमएस आला पण पासबुकात नाही' याचं निम्म्या वेळी हेच कारण असतं. दुसरी, बँकेत 'आधार लिंक आहे' हे उत्तर पुरेसं नाही. खात्याच्या केवायसीला आधार जोडणं वेगळं आणि मॅपरमध्ये सीडिंग वेगळं. काउंटरवर नेमका शब्द वापरा: डीबीटीसाठी (थेट खात्यात जमा) एनपीसीआय सीडिंग. त्यासाठी संमतीचा वेगळा फॉर्म असतो, तो भरून पोच घ्या.

तपासायला बँकेत जायची गरज नाही. माय आधार पोर्टलवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे बँकेचं नाव, स्टेटस अॅक्टिव्ह की इनअॅक्टिव्ह, आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख दिसते. इनअॅक्टिव्ह असेल तर बँकेचं नाव बरोबर असूनही पैसे परत जातात. बँक बदलायची असेल तर नव्या बँकेच्या शाखेत फॉर्म द्या, किंवा एनपीसीआयच्या संकेतस्थळावर भारत आधार सीडिंग एनेबलर नावाची सोय आहे तिथून घरबसल्या करा. तुमची बँक त्या यादीत असली तरच ते चालतं. हप्ता सुटणार म्हणून जाहीर झालेल्या आठवड्यात मात्र ही हलवाहलव करू नये.

आता एक बारकं कारण, जे फार कमी लोकांना माहीत असतं. पीएम किसानचे दोन-दोन हजार वर्षानुवर्षं बिनबोभाट येतात आणि ठिबकचे ऐंशी हजार आले की परत जातात. आधार तेच, खातं तेच. असं झालं तर खातं 'स्मॉल अकाउंट' आहे का बघा. शिबिरात अपुऱ्या केवायसीवर उघडलेली बरीच जनधन खाती अशी आहेत. त्यात शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही, वर्षभरात १ लाखाच्या वर जमा होत नाही आणि महिन्याला १०,००० च्या वर काढता येत नाहीत. सरकारी अनुदानाला शिल्लकेची मर्यादा लावू नये असा नियम आहे, तरी बँकेच्या यंत्रणेनं अडवलं किंवा वर्षाची जमा मर्यादा भरली की व्यवहार नाकारला जाऊ शकतो. उपाय साधा आहे: आधार, पॅन (नसल्यास फॉर्म ६०) आणि फोटो देऊन पूर्ण केवायसी करून घ्यायची, आणि ती मोठ्या अनुदानाचं बिल अपलोड करण्याआधी. परत गेलेली रक्कम आपोआप पुन्हा सुटेल असं धरू नका. खातं नीट झाल्याचं तालुका कृषी कार्यालयाला लेखी कळवलं तरच कुणीतरी ती फाईल पुन्हा उघडतं.

पीएम किसान: चार ओळी वाचता आल्या पाहिजेत

पोर्टलवर 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाकला की लाभार्थ्याचं पान उघडतं. क्रमांक हरवला असेल तर तो मोबाइल किंवा आधारवरून तिथेच सापडतो. पानावर बघायचं ते एवढंच: पात्रता, लँड सीडिंग, ई-केवायसी, आधार-बँक सीडिंग. या चारपैकी कुठे 'नो' आहे त्यावर पुढची पायरी ठरते.

ई-केवायसी 'नो' असेल तर ओटीपीनं स्वतः करता येते. आधारला मोबाइल नसेल तर सीएससी केंद्रात (गावातलं ऑनलाइन सेवा केंद्र) अंगठ्यानं, आणि म्हाताऱ्या माणसांचे ठसे उठत नसतील तर पीएम किसानच्या अॅपवर चेहरा दाखवून. हा शेवटचा मार्ग २०२३ पासून आहे, तरी ठसे उमटेनात म्हणून चार-चार हप्ते गमावलेले लोक गावोगाव दिसतात. लँड सीडिंग 'नो' म्हणजे तुमची जमीन यादीशी जोडलेली नाही. त्यासाठी चालू सातबारा, आठ-अ आणि जमीन वारसानं आली असेल तर फेरफार घेऊन तालुक्याला जावं लागतं, सीएससीवाल्याच्या हातात ते नाही.

पेमेंटच्या रकान्यातली भाषा जरा अवघड असते. 'वेटिंग फॉर अप्रूव्हल बाय स्टेट' म्हणजे राज्याकडूनच अजून हिरवा कंदील नाही. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' म्हणजे राज्यानं तुमचं नाव तपासून निधीची मागणी केंद्राकडे पाठवली. 'एफटीओ इज जनरेटेड अँड पेमेंट कन्फर्मेशन इज पेंडिंग' म्हणजे पैसे सोडण्याचा आदेश निघाला, बँकेकडून पोच यायची आहे. एफटीओ निघाल्यावर तहसीलला खेटे घालून उपयोग नाही, आता विषय बँकेचा आहे.

पात्रतेत जास्त करून तीन ठिकाणी माणसं अडकतात. एक, १ फेब्रुवारी २०१९ ही जमिनीची कट-ऑफ तारीख. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, वारसानं आलेल्या जमिनीवर आहे. दोन, कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. दोघांच्या नावे वेगवेगळा सातबारा असला तरी हप्ता एकालाच. २०२५ मध्ये केंद्रानं अशी नवरा-बायकोची आणि २०१९ नंतर नाव लागलेली प्रकरणं संशयित म्हणून बाजूला काढली, प्रत्यक्ष तपासणी होईपर्यंत त्यांचे हप्ते थांबले. तीन, आयकर. मागच्या वर्षी कर भरला असेल तर अपात्र. दहा हजार किंवा त्याहून जास्त मासिक पेन्शन असलेलेही अपात्र, चतुर्थ श्रेणी सोडून. अपात्र असताना घेतलेले पैसे वसूल होतात, त्यामुळे 'येतायत तोवर येऊ देत' हा हिशेब महागात पडतो. लाभ सोडण्याची आणि पैसे परत करण्याची सोय पोर्टलवरच आहे.

जाता जाता: घरातल्या बाईच्या नावावर पीएम किसान आणि नमो येत असेल तर लाडकी बहीणचे तिला १,५०० ऐवजी ५०० च येतात. ती चूक नाही, दोन्ही मिळून महिन्याला १,५०० च्या वर जाऊ नये असा नियम आहे.

आणि हप्त्याच्या तोंडावर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल फिरते. ती उघडू नका. सरकार कधीही अॅप असं फाईल करून पाठवत नाही.

अतिवृष्टी: हिशेब आधी घरी मांडा

सगळ्यात जास्त आरडाओरडा इथे होतो, आणि तो बऱ्याचदा आकड्यांच्या गैरसमजातून. केंद्राच्या आपत्ती निधीचे निकष असे: जिरायत हेक्टरी ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक फळबाग २२,५००. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त हवं. निकषात मर्यादा दोन हेक्टरची आहे. राज्यानं मधल्या काळात दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले होते, मर्यादा तीन हेक्टर. मे २०२५ च्या अखेरीस ते मागे घेऊन पुन्हा मूळ दर आणले. मग सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात दर मूळचेच, मर्यादा तीन हेक्टर, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी म्हणून हेक्टरी १०,००० वेगळे. शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी जास्त मिळाले होते म्हणून यंदा तुमचे कुणी खाल्ले, असं नाही.

हिशेब आरमध्ये करा, सोपा जातो. हेक्टर म्हणजे १०० आर, आर म्हणजे जवळपास एक गुंठा. जिरायताला एका आरला ८५ रुपये. सातबारावर १.२० हेक्टर आहे, सगळं सोयाबीन गेलं, तर १२० गुणिले ८५, म्हणजे १०,२००. पण पंचनाम्यात बाधित क्षेत्र ०.६० लिहिलं असेल तर ५,१०० च. रक्कम सातबाराच्या क्षेत्रावर नाही, पंचनाम्यातल्या बाधित क्षेत्रावर निघते. पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) त्यात येत नाही. जमीनच खरडून गेली असेल तर तिचा दर निराळा, २०२५ च्या पॅकेजात हेक्टरी ४७,०००, पण तो 'जमीन खरडली' या स्वतंत्र रकान्यात नोंद असेल तरच. पिकाच्या पंचनाम्यात ती बाब आपोआप येत नाही. पंचनामा चालू असताना तलाठ्याला हे बोलून, लिहून घ्यायला लावायचं असतं. महिनाभरानं आठवून काही होत नाही.

सामायिक सातबारा हे पुढचं दुखणं. २.४० हेक्टर, तीन भाऊ, हिस्सा लिहिलेला नाही. तिघांच्या नावे ८०-८० आर धरले तर प्रत्येकी ६,८००. एकाच्याच खात्यावर घ्यायचं असेल तर बाकी दोघांचं संमतीपत्र लागतं. आणि नेमका एक भाऊ पुण्या-मुंबईत असतो. खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीन अर्थसहाय्यात (वीस गुंठ्यांपर्यंत सरसकट १,०००, पुढे हेक्टरी ५,०००, दोन हेक्टरची मर्यादा) सामायिक खात्यांचे पैसे याच कागदापायी महिनोन्‌महिने लोंबकळले. संमतीपत्राची एक कोरी प्रत दिवाळीत किंवा यात्रेला सगळे गावात असतात तेव्हा सह्या करून ठेवावी, असं म्हणणार होतो, पण कोरी सही कुणीच कुणाला देऊ नये. योजनेचं आणि हंगामाचं नाव घालूनच लिहावं.

त्याच योजनेनं आणखी एक गोष्ट शिकवली: ई-पीक पाहणी. ज्यांनी अॅपवर पीक नोंदवलं नव्हतं त्यांची नावं पहिल्या यादीत आलीच नाहीत. तेव्हापासून दर हंगामात मुदतीच्या आत, बांधावर उभं राहून नोंद करावी. फोटो गटाच्या हद्दीतून घेतला नाही तर अॅप अंतराची सूचना देतं. मिश्र पिकात मुख्य पीक आणि आंतरपीक वेगवेगळं टाकायचं. सोयाबीन-तूर असताना नुसती तूर टाकली तर सातबारावर सोयाबीन नाहीच.

यादी झाली की ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे लागते. तिच्यात प्रत्येकापुढे विशिष्ट क्रमांक असतो, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन आपले सरकार किंवा सीएससी केंद्रात ई-केवायसी करायची असते. २०२५ मध्ये अॅग्रीस्टॅकचा (शेतकऱ्यांची डिजिटल नोंदणी) शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना या केवायसीतून सूट मिळाली. केवायसी करताना स्क्रीनवर गट, क्षेत्र आणि रक्कम दिसते. ती आधी वाचा. चुकली असेल तर अंगठा देण्याच्या आधी तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. आणि अंगठा कुठेही द्या, त्याची छापील पावती मागा. केवायसीच्या नावाखाली त्याच अंगठ्यावर पैसे काढल्याचे प्रकार होतात.

मदत जमा झाली आणि बँकेनं पीककर्जापोटी खात्याला होल्ड लावला, तर मदतीच्या शासन निर्णयातली ओळ दाखवा. ही रक्कम कर्ज वसुलीला वळवू नये असं त्यात लिहिलेलं असतं. शाखाधिकारी ऐकत नसेल तर तहसीलदार आणि जिल्ह्याची अग्रणी बँक.

ठिबक: कागद आणि रान जुळलं पाहिजे

केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक'मधून दोन हेक्टरपर्यंतच्या अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, बाकीच्यांना ४५. त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ आणि ३०. म्हणून ८० आणि ७५ टक्के. मर्यादा पाच हेक्टर. हे दोन तुकडे वेगवेगळ्या निधीतून येतात, त्यामुळे ते एका दिवशी येतीलच असं नाही. ५५ टक्क्यांची रक्कम आली की 'ऐंशी म्हणाले आणि पंचावन्नच दिले' म्हणून भांडण सुरू होतं. उरलेलं पूरक अनुदान मागून येतं.

टक्केवारी कशाची, हेही समजून घ्या. बिलाची नाही. शासनानं दोन नळ्यांमधल्या अंतरानुसार ठरवलेला मापदंड खर्च आणि तुमचं बिल, यांतलं जे कमी त्याची. समजा मापदंड १,००,००० निघाला आणि बिल १,३०,००० झालं, तर अल्पभूधारकाला ८०,०००. घरातून ५०,००० गेले, बिलाच्या वीस टक्क्यांचे २६,००० नव्हे. जाड लॅटरल (रानात पसरायची नळी), भारी फिल्टर, खताची टाकी घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण वरचे पैसे आपले.

क्रम असा: शेतकरी ओळख क्रमांकानं महाडीबीटीवर लॉगिन, सिंचन घटकात गट, पीक, क्षेत्र, अंतर भरणं, २३ रुपये ६० पैसे शुल्क, निवड, कागदपत्रं, पूर्वसंमती, मग खरेदी, बिल अपलोड, मोका तपासणी (रानात येऊन पाहणी), पैसे. पूर्वी निवड सोडतीनं व्हायची. २०२५ पासून आधी येईल त्याला आधी. त्यामुळे अर्जाची तारीख महत्त्वाची झाली, आणि अर्धवट भरलेला अर्ज म्हणजे अर्ज नाही: शुल्काची पावती निघाली का बघा.

यात सगळ्यात जास्त प्रकरणं बाद होतात ती एका कारणानं. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल. विक्रेता म्हणतो 'आता टाकून घ्या, अनुदान काढून देतो', लागवड तोंडावर असते, माणूस टाकतो. मग बिलाची तारीख मागची निघते आणि प्रकरण संपतं. ऊस, केळी थांबत नाही हे खरं, पण मग तो संच अनुदानात धरू नका.

दुसरं कारण मोजमापाचं. एका हेक्टरला लॅटरल किती लागेल हे साधं गणित आहे: १०,००० चौरस मीटर भागिले दोन लॅटरलमधलं अंतर. १.२ मीटरवर ८,३३३ मीटर, १.५ वर ६,६६७, १.८ वर ५,५५६. अर्जात १.२ लिहिलं, बिलात सव्वाआठ हजार मीटर लावलं आणि रानात सरी प्रत्यक्षात दीड मीटरची निघाली, तर तपासणीला आलेल्या पर्यवेक्षकाला टेप काढायचीही गरज नसते. दोन सऱ्या पावलांनी मोजल्या की कळतं. मग बिल क्षेत्राशी जुळत नाही म्हणून परत. म्हणून अर्ज भरण्याआधी सरी किती फुटांवर सोडणार हे ठरवून घ्या: चार फूट म्हणजे १.२, पाच फूट म्हणजे १.५, सहा फूट म्हणजे १.८ मीटर. अर्ज भरून देणारा केंद्रचालक सवयीनं १.२ टाकून मोकळा होतो.

माल घेताना नळीवरची छपाई वाचा. इनलाइन नळीवर (ड्रिपर आतच बसवलेली) आयएस १३४८८, साध्या लॅटरलवर आयएस १२७८६ हे क्रमांक असतात, कंपनीचं नाव आणि आकार असतो. छपाई नसलेली नळी तपासणीत बसत नाही आणि रानातही दोन उन्हाळे धड टिकत नाही. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. त्यानंतरच्या बिलात १२ लावला असेल तर बिल बदलून घ्या.

मोका तपासणीत जिओ-टॅग फोटो त्याच गटात निघाला पाहिजे. दोन गट शेजारी असतील आणि संच दोन्हींत पसरला असेल तर अर्जही दोन्ही गटांचा हवा. पंप चालू ठेवा, शेवटच्या ड्रिपरला पाणी येतंय हे दिसलं पाहिजे. फिल्टर बसवलेला हवा. बिलात आहे पण घरात खोक्यात ठेवलाय, हे चालत नाही.

पैसे शेतकऱ्याच्या खात्यात येतात, म्हणजे आधी खर्च तुमचा. बरेच विक्रेते उधारीवर संच देतात आणि बदल्यात सही केलेले कोरे चेक किंवा एटीएम कार्ड ठेवून घेतात. उधारी घ्या, पण रक्कम लिहिलेला, नावाचा चेक द्या. कोरा चेक आणि कार्ड कधीच नाही.

सगळं नीट असूनही शेजाऱ्याचे आले, तुमचे नाहीत, असं होतं. निधी सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती अशा वेगळ्या लेखाशीर्षांतून (सरकारी खर्चाची खाती) येतो. एका शीर्षात पैसे शिल्लक असतात तेव्हाच दुसरं रिकामं असू शकतं. यात तालुक्याच्या साहेबाला काही करता येत नाही, तो फक्त तुमचा ज्येष्ठता क्रम सांगू शकतो. तो विचारा.

ट्रॅक्टर-अवजारांचं गणित थोडक्यात: अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के, इतरांना ४०, आणि प्रत्येक यंत्राला कमाल मर्यादा. पूर्वसंमतीचा नियम इथेही तोच. पैसे विक्रेत्याला बँकेतून द्या, रोखीत नको.

नाव, हिस्सा आणि ओळख क्रमांक

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. तो ११ अंकी असतो. क्रमांक निघाला म्हणजे काम झालं असं नाही. नोंदणी करताना गावोगावचे गट एकेक करून जोडावे लागतात. सासरवाडीकडचा किंवा शिवेपलीकडच्या गावातला गट जोडायचा राहिला की महाडीबीटीवर तो दिसत नाही, आणि त्या गटावर ठिबक मागता येत नाही. सामायिक सातबारावरच्या प्रत्येक खातेदाराचा क्रमांक स्वतंत्र.

सातबारावर 'रामा बापू' आणि आधारवर 'रामचंद्र बापूराव' असेल तर जुळणी कमी पडते आणि मंजुरी तलाठ्याकडे थांबते. लगेच आधार बदलायला धावू नका, आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. संगणकीकरणात सातबारावर चुकलं असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, जुना हस्तलिखित सातबारा आणि फेरफार जोडून.

वडील वारले असतील तर आधी वारस नोंद. ई-हक्क पोर्टलवरून अर्ज करता येतो, नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर फेरफार प्रमाणित होतो. तोवर मयताच्या नावानं येणारे पीएम किसानचे हप्ते वापरू नका, ते परत मागतात. ओळख क्रमांक वारसांच्या नावानं सातबारा झाल्यावरच काढा.

कुठल्याही कार्यालयात तोंडी विचारून निघून येऊ नका. एका पानाचा अर्ज: योजनेचं नाव, अर्ज किंवा व्हीके क्रमांक, गट, बिलाची तारीख, आणि एकच प्रश्न. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. महिनाभरात उत्तर नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एका विषयाचाच असावा लागतो, त्यामुळे 'अनुदान का दिलं नाही' असं लिहू नका. 'माझ्या अर्जाची मोका तपासणी कोणत्या तारखेला झाली, देयक कोणत्या तारखेला पुढे पाठवलं, आणि आज प्रलंबित यादीत क्रम कितवा आहे' असं लिहा. उत्तर देण्याची मुदत ३० दिवस.